दाराजवळचा बाक

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण हे माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या घरात घडलंय. तिसरा मजला, जिन्यासमोरचं दार. आणि रात्री-बित्री नाही...

भर दुपारी. चार वाजता.

ताईने बारा वर्षं भाड्याच्या घरात काढली होती. नवं घर मिळालं तेव्हा तिला आकाश ठेंगणं झालं. सगळं मनासारखं होतं, एक दाराजवळची जागा सोडून. अरुंद आणि अंधारी.

"दार उघडल्याउघडल्या माणसाला बरं वाटलं पाहिजे," ताई म्हणायची.

मग तिने भिंतीला फिकट पिवळा रंग दिला. पितळी खुंट्या लावल्या, एक छोटा दिवा लावला. खाली लाकडी बाक हवा होता. त्यासाठी निळी गादी तिने स्वतः शिवली.

बाक बसवताना सुतार थांबला.

"ताई, इथे आधीपण बाक होता. ही बुजवलेली भोकं बघा... आपल्याच मापाची."

"बघा! म्हणजे जागा बाकाचीच आहे," ताई हसून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कामावरून आली, तर गादीवर खळगा.

मधोमध नाही. अगदी कडेला.

ताई दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. वाट बघणारी माणसं कशी बसतात, ते तिला पाठ आहे. अंग चोरून, बाकाच्या टोकावर, हाक आली की उठायच्या तयारीत.

खळगा तसा होता...

तिने गादी थोपटून सरळ केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही.

"चपला काढायला तूच बसली असशील," भाऊजी म्हणाले. "नव्या घराचं खूळ डोक्यात गेलंय तुझ्या."

ताईने गादी पुन्हा थोपटून सरळ केली.

मग तिच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी, ती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. तिच्या सासूबाई आत झोपल्या होत्या. आणि दाराकडून...

कुणीतरी हळूच खाकरलं.

आपण आलोय हे घरातल्यांना कळावं म्हणून माणसं खाकरतात ना, तसं.

ताई फडकं हातात घेऊनच धावली. दाराला आतून कडी होती. कुणी नव्हतं.

पण गादीवरचा खळगा तिच्या डोळ्यांदेखत हळूहळू वर येत होता.

तिने हात लावला.

गादी गरम होती...

त्या संध्याकाळी भाऊजी हसले नाहीत. "रविवारी काढून टाकू बाक," एवढंच म्हणाले.

रविवार यायच्या आधी गुरुवार आला.

त्या दिवशी ताई लवकर सुटली. चार वाजता जिना चढून वर आली, किल्ली काढली, तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला. मोतीबिंदूमुळे त्यांना सगळं धूसर दिसायचं. पण आल्यागेल्याची विचारपूस करायची सवय काही सुटली नव्हती.

"अहो, रोज असे दारातच काय बसता? परके का आहात? आत या ना..."

ताईच्या हातातून किल्ली पडली. कसंबसं दार उघडलं.

बाक रिकामा होता. गादी सपाट.

आणि सासूबाई आतल्या दाराशी भिंतीला चिकटून उभ्या होत्या. कुणाला तरी जायला वाट दिल्यासारख्या.

"आई... कुणाशी बोलत होता?"

"अगं, तुमच्या ओळखीचे नाहीत का ते? रोज येऊन बसतात बिचारे. बोलत काही नाहीत. आज मीच म्हटलं, आत या." सासूबाईंनी आवाज खाली आणला. "तर गं, रडायलाच लागले. आनंदाने."

"आता कुठे आहेत?"

"आत गेले की."

ताईने शेजाऱ्यांना बोलावलं. खोल्या, कपाटं, पलंगाखाली, सगळं पाहून झालं. चिटपाखरूही सापडलं नाही.

रविवारी भाऊजींनी बाक उखडून काढला. पण उपयोग काय?

बाकावर आता कुणी बसतच नव्हतं.

त्यानंतर ताईला घरात एका जागी बसवेना. या खोलीतून त्या खोलीत गेलं की मागोमाग कुणीतरी येतंय असं वाटायचं. जेवताना दोनदा उठून मागे बघायची. शेवटी भाऊजींनीच सांगितलं, आठ दिवस बहिणीकडे जाऊन या.

बॅगा घेऊन ताई आणि तिच्या सासूबाई माझ्या दारात उभ्या राहिल्या. मी आनंदाने तोंड उघडलं, "या, या..."

ताईने झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.

"असं मोघम नको म्हणूस," ती कुजबुजली. "एकेकीला बोलाव. आम्हा दोघींनाच."

मी म्हटलं, "ताई, तू ये. आई, तुम्ही या." आणि दार लावून टाकलं. त्यांच्या मागे जिन्यात मी बघितलं नाही. बघायची हिंमतच झाली नाही.

ताईने ते घर आता विकायला काढलंय.

आणि मी? दाराची बेल वाजली की कडी काढायच्या आधी विचारते...

"कितीजण आहात?"