दुसरं पिंप

डोंगरापलीकडच्या दरीत रानफुलं उमलली होती! तिकडून येणाऱ्या दूधवाल्याने ही बातमी आणली आणि सासूबाईंनी त्याच दुपारी ट्रक अंगणात घ्यायला लावला. वर्षातून एकदाच, तेही मोजके दिवस, ती दरी पिवळीधमक होते. मधमाश्यांच्या पेट्या तिथे वेळेत पोचल्या तर घराचं वर्षभराचं भागतं, उशीर झाला तर हाती नुसतं वाळलं गवत. सडकेने जायचं तर डोंगराला लांबलचक वळसा. म्हणून आटलेल्या तळ्याच्या पात्रातून आडवं जायचं ठरलं. संध्याकाळी निघायचं आणि ऊन तापायच्या आत पलीकडचा काठ गाठायचा!

ट्रक भरायचं काम जावयाकडे आलं. तो पूर्वी चपलांच्या दुकानात होता. दुकान बंद पडल्यापासून बायकोच्या माहेरी राहून पेट्यांचं काम शिकत होता. सासूबाईंनी एवढं मोठं काम त्याच्यावर पहिल्यांदाच सोपवलं होतं.

"पेट्या दोन थरांत लावा, मधून वारा खेळला पाहिजे," त्या म्हणाल्या. "फळ्या, फावडी, जॅक, जास्तीची ताडपत्री. आणि पाण्याची दोन पिंपं. एक माश्यांना, एक आपल्याला न् गाडीला. दुसरं काही विसरलात तरी चालेल, जावईबापू, पाणी नाही."

त्याने सगळं नीट रचलं. फक्त त्याच्या स्वतःच्या चार पेट्या भिंतीशी उरल्या. विजेच्या खांबावरचं, गोदामाच्या छपरातलं अशी पोळी उतरवून त्याने त्या पेट्या उभ्या केल्या होत्या. "अजून कच्च्या आहेत, यंदा नको," असं सासूबाईंनी आधीच सांगितलं होतं. पण कच्च्या म्हणजे काय? दरीत एकदा पोचल्या की भरतीलच! मग सासूबाईही म्हणतील, माणूस कामाचा आहे. त्याने दुसऱ्या पिंपाची जागा वितीने मोजली. चार पेट्या तिथे अगदी बेतशीर बसत होत्या.

पिंप उतरवताना बायकोने पाहिलं. "आईला विचारलंस का?"

"विचारलंय," तो म्हणाला.

खोटं इतकं सहज निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. ते पिंप त्याने शेडमागे ढकललं, चारही पेट्या आतल्या बाजूला, सगळ्यात गार जागी सरकवल्या आणि वरून ताडपत्री ओढून दोर आवळला.

ट्रक निघाला. स्टिअरिंगवर मामा होते, म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. उभा जन्म ट्रकवर गेलेला माणूस! खिडकीशी सासूबाई आणि मधे अंग चोरून बसलेला जावई. वाटेत सासूबाईंनी उकडलेली अंडी सोलली आणि पहिलं त्याच्या हातावर ठेवलं. "तुम्ही दमलात आज. छान भरलीत गाडी."

ते अंडं त्याने तसंच हातात धरून ठेवलं. अजून सांगता येईल, त्याला वाटत होतं. गाव जवळ आहे, अजून गाडी मागे फिरवता येईल. पुढच्या वळणावर सांगू. वळण आलं, गेलं. मग वस्तीचे दिवे मागे पडले, सडक सुटली आणि सांगण्यात काही अर्थ उरला नाही.

उजाडलं तेव्हा ते पात्राच्या मधोमध होते. चहूकडे पांढरीफटक, भेगाळलेली जमीन पसरली होती. मीठ फुटलेल्या त्या जमिनीवर ना झाड, ना दगड, ना पाखरू. दूर समोर डोंगराची निळसर रेघ, आणि तिच्या पायथ्याशी एक तपकिरी ठिपका. ती दगडखाण, पात्राचा पलीकडचा काठ. मामा गुणगुणू लागले.

आणि कर्रर्र! वरचा पापुद्रा फुटला. ट्रकची मागची बाजू एकदम खाली बसली. मामांनी गिअर टाकला, इंजिन गरजलं, चाकं जागच्या जागी फिरली आणि काळा, खारट चिखल उडवत आणखी खोल गेली.

"उतरा! फळ्या काढा!"

फावडी चालली. चाकांखाली फळ्या सरकल्या. मामा इंजिन रेटत होते, जावई मागून खांदा लावत होता. ट्रक हलला! हातभर पुढे आला! तेवढ्यात फाट्कन आवाज झाला आणि बॉनेटखालून वाफेचा लोट उसळला. रेडिएटरचा पाइप फुटला होता. त्यातलं सगळं पाणी जमिनीवर वाहून गेलं आणि जमिनीने ते क्षणात पिऊन टाकलं.

मामांनी जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून, तारेने आवळून पाइप बांधला. तोवर सूर्य वर आला होता. पेट्यांमधून येणारी गुणगुण बदलली होती. ती आता चिरकी आणि घाबरी वाटत होती. सासूबाईंनी पहिल्या पिंपात डोकावलं. माश्यांवर शिंपडून शिंपडून ते निम्म्याच्या खाली गेलं होतं.

"काही हरकत नाही," त्या कपाळ पुसत म्हणाल्या. "दुसरं पिंप काढा, जावईबापू."

तो फावड्याला लागलेला चिखल खरवडू लागला.

"अहो, पिंप काढा ना. पेट्या तापताहेत."

"नाहीये, आई."

"नाहीये म्हणजे?"

"मी आणलंच नाही. त्याच्या जागी... माझ्या चार पेट्या ठेवल्या."

मामांच्या हातातला पाना खाली पडला. ते काहीतरी बोलणार होते, पण सासूबाईंनी हात वर केला. ओरडल्या असत्या, एक ठेवून दिली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. त्या फक्त वळल्या आणि भावाला म्हणाल्या, "आहे त्या पाण्यात खाण गाठता येईल?"

"रिकामा ट्रक असला तर, ताई. भरलेला नाही निघायचा. आणि ओतावं लागेल ते जवळजवळ सगळं रेडिएटरमध्ये."

म्हणजे माश्यांना जवळजवळ काहीच नाही.

"पेट्या उतरवा," सासूबाई म्हणाल्या. "ताडपत्रीची सावली करू. जाऊन पाणी घेऊन येऊ."

"मी थांबतो इथे," जावई घाईने म्हणाला. "तुम्ही दोघं जा. मी पेट्यांना वारा घालत बसतो."

"कुणी थांबायचं नाही! ट्रक परत आलाच नाही तर? एका दिवसाला एवढा शहाणपणा पुरे झाला तुमचा."

मग तो झपाटल्यासारखा पेट्या उतरवू लागला. फटींमधून सुटलेल्या माश्या हातांवर, मानेवर तुटून पडल्या. त्याने जाळीही घेतली नाही आणि हातमोजेही. डंख बसत होते, बोटं सुजून जाड होत होती. त्याने पेटी टाकली नाही. दोन फावडी रोवून, दोरांनी ताणून ताडपत्री बांधली. सासूबाईंनी पेट्यांच्या दारांच्या पट्ट्या थोड्या सरकवल्या, पोती ओली करून फक्त सर्वांत जुन्या पेट्यांवर घातली आणि उरलेलं पाणी मामांना दिलं. प्यायला एक बाटली राहिली, तिघांत मिळून.

रिकामा ट्रक धडपडत, उसळत चिखलातून निघाला!

खाण गाठेपर्यंत इंजिन दोनदा तापलं आणि बाटलीतलं पाणीही त्यालाच पाजावं लागलं. जीभ टाळूला चिकटली होती. खाणीवरच्या पहारेकऱ्याने काही न विचारता टाकीचा नळ सोडला, स्वतःकडची दोन पिंपंही दिली. जावयाने आधी पिंपं भरली, मग तो ओंजळीने पाणी प्याला.

परतताना वारा सुटला. पांढऱ्या धुळीत चाकांच्या खुणा पुसून गेल्या. समोर सगळीकडे खोटं पाणी चमकत होतं आणि ताडपत्री कुठेच दिसत नव्हती.

"डावीकडे का?" मामा.

"थांबा. इंजिन बंद करा," जावई म्हणाला.

तो टपावर चढला. कान दिला. वाऱ्याची शीळ... आणि तिच्याखाली अगदी बारीक गुणगुण!

"उजवीकडे! उजवीकडे घ्या मामा!"

ताडपत्रीची एक बाजू वाऱ्याने उडाली होती. त्या बाजूच्या पेट्या थेट उन्हात उभ्या होत्या. तो धावला. पहिल्या पेटीला कान लावला. काही नाही. दुसरीला लावला. काही नाही. दारातून वितळलेलं मेण न् मध ओघळून मातीत गेलं होतं, आणि त्यात माश्यांचा खच. ओली पोती तिथेच वाळून कडक झाली होती. या सासूबाईंच्या जुन्या पेट्या होत्या, त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदा उभ्या केलेल्या.

सावलीतल्या बहुतेक पेट्या धडधडत होत्या, जिवंत होत्या. आणि अगदी आतल्या कोपऱ्यात, उतरवताना सवयीने त्याच्याच हातून गार जागी गेलेल्या त्याच्या चार पेट्या जोमाने गुणगुणत होत्या. त्या ऐकून त्याला वाटलं, यातली एक तरी मेली असती तर बरं झालं असतं!

पाणी शिंपडून, सगळ्या पेट्या, मेलेल्यासुद्धा, थोड्या थोड्या करून दोन खेपांत खाणीमागच्या झुडपांपाशी नेल्या. तिथून डोंगराची खिंड दिसत होती, आणि खिंडीतून दरीचा एक पिवळाजर्द तुकडा.

"ताई, पाइप बांधून देतो घट्ट. निघू आपण," मामा म्हणाले. "एवढ्या जवळ येऊन..."

सासूबाईंनी त्या पिवळ्या तुकड्याकडे पाठ फिरवली. "नको. या माश्या आणखी एक धक्का नाही सोसणार. इथल्या झुडपांवर जे मिळेल ते मिळेल. जगल्या तर पुढच्या वर्षी बघू."

त्या मेलेल्या पेट्यांपाशी जाऊन बसल्या आणि आतली पोळ्याची एकेक चौकट काढून खरवडू लागल्या. जावई समोर जाऊन उभा राहिला.

"आई, माझ्या चारही पेट्या तुम्ही घ्या."

"नकोत मला."

"मग मी काय करू?"

"मला राग आलाय," त्या मान खाली घालूनच म्हणाल्या. "खूप आलाय. पेट्यांपेक्षा जास्त कशाचा, तर कालपासून माझ्या शेजारी बसून होतात आणि गप्प राहिलात त्याचा. तो लवकर जाणारा नाही. ही चौकट धरा."

त्याने चौकट धरली. सुजलेल्या बोटांतून ती निसटून खाली पडली. सासूबाईंनी पहिल्यांदाच त्याच्या हातांकडे नीट पाहिलं. हातभर डंखांचे काळे काटे रुतलेले होते.

त्यांनी त्याला ओढून खाली बसवलं, मनगट धरलं आणि नखाने एकेक काटा खरवडून काढायला लागल्या. चेहरा तसाच कठोर. तो काहीतरी म्हणू गेला.

"बोलू नका," त्या म्हणाल्या. एक हात संपवून त्यांनी तो बाजूला ठेवला.

"आणा तो दुसरा."