सुनांचे मासे

रेवणसिद्ध हैदराबादेत शिकून आला तो पाण्याचा डॉक्टर होऊन. निजाम सरकारात त्याला नोकरी होती, आडा-बारवांचं पाणी तपासायची. कुठल्या पाण्यात काय मिसळलं म्हणजे मासा किती वेळ जगतो, हाच त्याचा जन्माचा अभ्यास. लोक हसायचे. हसेनात का! पण जळकोटाजवळच्या ज्या गावात त्याची थोरली बहीण शिवगंगा दिली होती, तिथं बारवेच्या पाण्यानं घरटी एक माणूस नारूनं अंथरुणाला खिळलं होतं. अक्काच्या पोटरीतून दोनदा हातभर जंत निघाला होता. पुन्हा निघाला तर पाय जाईल, या धास्तीनं तो त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात इथं आला.

उपाय त्याला ठाऊक होता. बारवेत मोरचूद सोडलं की नारूचे बारीक किडे मरतात. फक्त किती सोडायचं, ते माशांवरून ठरवायचं. मासे जगले तर माणसाला भ्यायचं कारण नाही.

नदीचा मासा या पाण्याला सरावलेला नसतो, म्हणून त्यानं बारवेतलाच एक धरून आणला. बरणीत पाहून अक्का हसली, धाकट्या भावाला म्हणाली, "माझाच धरलास व्हय रे, तम्मा! त्या शेपटीच्या ठिपक्यावरनं वळखते मी."

तिची सासू पार्वतम्मा मात्र हसली नाही. "दुसरीकडचा आणा. ह्यो नगं."

"का, अव्वा?"

"गावात सून आली की बारवेत मासा सोडती. तवापास्न त्यो तिचा. आमी हात लावत न्हाय."

"उद्या परत सोडतो की!"

म्हातारी आत निघून गेली.

संध्याकाळी त्यानं बरणीत मोरचूद टाकलं. घटकाभरात मासा उलटा व्हावा, इतकं. पाणी निळं झालं. मासा फिरत राहिला. रात्री अक्का जेवली नाही. उन्हानं असेल, असं सगळेच म्हणाले.

सकाळी मासा जिवंत! रेवणसिद्धानं मांडीवर थाप मारली. असा टणक मासा त्यानं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. मग बारवेत हात आखडायचं कारणच काय? त्यानं बंडप्पा कोतवालाला हाक मारली, मोरचुदाची अख्खी पिशवी त्याच्या हाती दिली.

"पुरी सोड. आणि मी सांगेपर्यंत कुणाला पाणी भरू देऊ नको."

बंडप्पा गेला. आतून अक्काची हाक आली.

"तम्मा, तोंड कळकलंय रे. पितळंतलं ताक प्याल्यागत."

तिचे ओठ आतून निळसर दिसत होते. रात्रीपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि घरातलं पाणी तर कालचं. ती भिंतीला टेकली. श्वास तुटक येऊ लागला.

म्हातारीचं कालचं बोलणं आठवून रेवणसिद्धाला स्वतःचीच लाज वाटली, पण तो ओसरीवर धावला. बरणीत हात घालून त्यानं मासा काढला आणि घागरीतल्या चांगल्या पाण्यात सोडला.

अक्कानं लांब श्वास घेतला. तोंडावर रंग आला.

"आता बरं वाटतंय बघ."

पार्वतम्मा चुलीपासून उठून आली होती. घागरीत वाकून तिनं मासा पाहिला.

"बारवंत काय सोडलं तुमी?"

तो अनवाणीच पळाला.

बंडप्पा रिकामी पिशवी झटकत वर येत होता. "झालं, साहेब. एकबी मासा मेला न्हाय बघा!"

खरंच. निळ्या पाण्यात सगळे मजेत फिरत होते.

वरच्या पायऱ्यांवर गावच्या सुना पाण्यासाठी थांबल्या होत्या. उभं कुणीच नव्हतं. ओळीनं बसल्या होत्या, गुडघ्यात माना घालून.

त्यानं हाक मारली.

एकीच्या हातातली घागर सुटली. पायरी-पायरीवर आपटत पाण्यापर्यंत गेली. तिनं मान वर केली नाही.