सगळ्या सारख्या पेशी

विद्यापीठातल्या सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत त्या दुपारी दोघं एकदमच शिरले.

"ही वेळ माझी आहे," ती म्हणाली.

"माझीसुद्धा..." म्हणत त्यानं खुर्ची मात्र तिच्याकडे सरकवली.

तो पुंडलिकनगरचा सुदर्शन, ती कन्नड तालुक्यातली विशाखा. दोघंही मातीतल्या अमीबांवर संशोधन करणारे. अन्न संपलं की या एकेकट्या पेशी रसायन सोडून एकमेकींना हाका मारतात आणि नागमोडी रेषांची नक्षी करत एकत्र येतात. ती नक्षी पाहता पाहता वर्ष सरलं. खांद्याला खांदा लागला तरी आता कुणी बाजूला होत नसे.

मग विशाखाला स्थळ आलं. रविवारी होकार कळवायचा होता.

"आधी आईला समजावतो, मग दादाला..." सुदर्शन म्हणाला. "सगळे एका मताचे झाले, की अण्णांपुढं विषय काढतो. बौद्धाची मुलगी म्हटल्यावर—"

"तोवर माझं लग्न लागलेलं असेल."

त्यानं आपली काचेची बशी भिंगाखाली सरकवली. त्याच्या बशीत आज नक्षी उमटलीच नव्हती. ती सुबक यावी म्हणून या वेळी त्यानं मुद्दाम एकाच वयाच्या पेशी निवडून घेतल्या होत्या. सगळ्या जागच्या जागी बसून होत्या.

विशाखानं भिंगाला डोळा लावला.

"सगळ्या सारख्याच घेतल्यास. मग आधी हाक कोण मारणार? माझ्या बशीत बघ... वयानं लहानमोठ्या आहेत. जिला आधी भूक लागते ती हाक मारते. बाकीच्या मग वळतात."

"लई शहाणी आहेस."

"व्हय. तरी तुझ्यातच अडकले ना!"

तो हसला नाही. त्यानं तिची बशी भिंगाखाली घेऊन पाहिली. मग खिडकीशी जाऊन त्यानं वडलांना फोन लावला.

"अण्णा... मला लग्न करायचंय. विशाखा नाव तिचं. कन्नडची... बौद्ध आहे." पलीकडचं ऐकून तो म्हणाला, "नाही, आईला माहीत नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय."

फोन कट झाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"काय म्हणाले?"

"संध्याकाळी घरी ये, एवढंच." तिच्याकडे पाहत तो म्हणाला, "तू येशील? बरंवाईट बोलतील कदाचित..."

विशाखानं अंगातला पांढरा कोट काढून खुंटीला अडकवला आणि स्वतःचा फोन उचलला.

"बाबा, रविवारी त्या लोकांना नकार कळवा."