गाठ मारलेला पट्टा

१९८७ साली मी बीदरला एक जुनी गाडी घेतली. घेण्याआधी इंजिन, ब्रेक, टायर नीट तपासले. पुढच्या दोन्ही सीटांना पट्टे होते. आमच्याकडे तेव्हा ते कुणी लावत नसे. मी लावायचो. अपघाताच्या बातम्या लिहून लागलेली सवय.

डाव्या पट्ट्याला खांद्याजवळ गाठ होती. गाठ असलेला पट्टा धक्का बसला की तिथंच तुटतो, म्हणून मी ती सोडवायला बसलो. नखं दुखली, गाठ हलली नाही. नवा पट्टा हैदराबादहून मागवायचं ठरवलं आणि तोवर तोच लावून कामासाठी औरादला गेलो. गाडी ड्रायव्हर गुरप्पा चालवत होता.

परतताना पट्टा आवळल्यासारखा वाटला. सैल करायला गेलो, तर सोडायला लांबीच उरली नव्हती. गाठ खांद्यावरून छातीवर आली होती.

दुपारी घरासमोर थांबलो. बटण दाबलं. आत खटका वाजला, पण पट्टा सुटला नाही. खालून निसटायला पाहिलं, तर तो कमरेच्या हाडात रुतला. माझी बायको वृंदा आधी साबणाचं पाणी घेऊन आली, मग शिवणाची कात्री. कात्री पट्ट्यावरून नुसती घसरत राहिली. एक धागा तुटला नाही.

गुरप्पा लांब उभा राहून पाहत होता.

"कापू नका, वैनी," तो म्हणाला. "नवसाची गाठ हाय. मारली त्यानंच सोडायची."

गाडी चिंताकीच्या रामरावांची होती, हे त्यानं तेव्हा सांगितलं. ते एकदा उदगीरला निघाले, तेव्हा बायकोनं, सरुबाईनं, गाठ मारली. मालक घरी आले की आपल्या हातानं सोडीन, असं बोलली. गाडी रस्त्याकडेला सापडली. रामराव सापडले नाहीत. पुढं भावानं गाडी विकली.

असल्या गोष्टींना मी एरवी हसलो असतो. पण आता श्वास पुरत नव्हता. चिंताकीला चल, म्हणालो. परत येईपर्यंत जेवायला थांबते, असं वृंदा म्हणाली.

प्रत्येक खड्ड्यागणिक पट्टा आवळत गेला. दोन्ही बाजूंना तूर फुलली होती. मान वळवता येत नसल्यानं मी फक्त समोरचा रस्ता पाहत होतो.

दिवस कलताना पोहोचलो. सरुबाई दारातच होती. तिनं गाडीपाशी येऊन खिडकीतून हात घातला आणि नाडी सोडावी तशी गाठ सोडली.

बटण कुणीच दाबलं नव्हतं. पट्टा सुटला.

मी उतरलो.

"कामून उशीर केला?" ती म्हणाली. "भाकर निवायलीय."

मी माझं नाव सांगितलं. बीदरहून आलोय, म्हणालो. तिनं मान डोलावली आणि ताट करायला आत गेली.

मी गाडीकडे वळलो. माझ्या बाजूचं दार गुरप्पानं आतून लावून घेतलं होतं. काच थोडी खाली केली.

"सकाळी गाडी कधी आणू, मालक?"

आजवर तो मला साहेब म्हणायचा.

"मला बीदरला सोड," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. आठवून पाहत होता.

"बीदरला आपलं कोण हाय?"