चार नंबर

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. कारण यात मी हिरो वगैरे नाहीये. यात मी एक दार काढतो आणि सगळ्यांच्या जिवाला घोर लावतो. पण मनात ठेवलं तर मलाच झोप लागत नाही, म्हणून…

मी सुतार. कुठे शिकलो नाही, बघून बघून आलं. प्रार्थनामंदिराच्या मागे बालवर्गाची एक खोली आहे. तिचं रस्त्याकडचं दार फुगलं होतं, अडकायचं. ते बघायला गेलो. बाहेरून मी ढकलतोय, आतून कुणीतरी ओढतंय. मी जोर लावला, दार धाडकन उघडलं आणि मी थेट आत, गुडघ्यांवर. समोर बालवर्गाची टीचर. हाताला खडू, केसांत कागदाचा कपटा.

"इथे प्रार्थना करतात, पण इतक्या घाईने कुणी गुडघे टेकत नाही," ती म्हणाली.

संपलं. माझं तिथेच संपलं.

पुढचं वाक्य मात्र असं होतं — "दादा, लागलं का?"

दादा! मुलांचं तर विचारूच नका. चोविसाव्या वर्षी मी 'सुतारकाका' झालो.

दोन दिवसांचं काम मी सहा दिवस पुरवलं. आज खिडकी, उद्या कपाटाची फळी, दार मुद्दाम शेवटी. तिने एकदा विचारलं, "लाकडाचे दहा तुकडे मिळतील? मोजायला. टाकाऊ चालतील." मी दहा बाहुले करून दिले, घासून, गुळगुळीत. तिने एकेक हातात घेऊन बघितला.

"टाकाऊ म्हटलं होतं मी."

"टाकाऊच आहेत," मी म्हणालो. ती हसली. माझ्या छातीत रंधा फिरल्यासारखं झालं.

रोज सकाळी मुलं गोल बसून देवाचे आभार मानायची. कुणी दुधासाठी, कुणी नव्या चपलांसाठी. एका पोराने डोळे मिटून सांगितलं, "थँक्यू देवा, काकांना दार जमत नाही, म्हणून ते रोज येतात."

टीचरने ओठ घट्ट दाबले. मी खिळे शोधायला लागलो. खिळे हातातच होते.

आणि मग तो शुक्रवार.

तिने बजावलं होतं, "दार एकनंतर काढा. मुलं गेल्यावर." मी मान डोलावली होती. साडेअकराला काढलं. बिजागऱ्या सोडवल्या, दार एकट्यानेच ओढत नेऊन आतल्या भिंतीला तिरकं टेकवलं. मुलं सगळी दुसऱ्या बाजूच्या अंगणात होती, तिथे भिंत आहे, म्हटलं काय होतंय… आणि अंगणाच्या उंबऱ्यात जाऊन उभा राहिलो. पाठ रस्त्याकडे, नजर तिच्याकडे.

ती गोष्ट शिकवत होती. दहा आजारी माणसं, येशूने दहाही जणांना बरं केलं, आणि थँक्यू म्हणायला परत आला फक्त एक. मुलांच्या गळ्यात एक ते दहा आकड्यांची कार्डं. "तुम्ही नऊ जण लांब जायचं, लपायचं. परत यायचं नाही! फक्त दहा नंबर येणार." नऊ जण उधळले, माझ्या पायांमधूनसुद्धा दोन-तीन गेले. दहा नंबर ऐटीत परत आला, "थँक्यू प्रभू" म्हणाला. टाळ्या. टीचरने मग सगळ्यांना पाण्यासाठी हाक मारली.

तिने मोजले. परत मोजले.

"नऊ," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, त्याचीच भीती वाटली. "मुंगी कुठेय?"

मुंगी म्हणजे सगळ्यांत लहान मुलगी, जेमतेम साडेतीन वर्षांची. गळ्यात चार नंबर.

टीचर खोलीत आली आणि थबकली. दाराच्या जागी नुसती चौकट. पलीकडे रस्ता. एक ट्रक गेला, जमीन हादरली.

तिने माझ्याकडे बघितलं.  

मी रस्त्यावर धावलो. डावीकडे, उजवीकडे. उघडं गटार होतं, त्यात वाकून बघितलं. काळं पाणी. त्यात काहीतरी लाल दिसलं, मी हात घातला… प्लॅस्टिकचं झाकण होतं. देवाला कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं, तेही मोठ्याने, रस्त्यात.

परत खोलीत आलो तर प्रार्थनामंदिराचे पाळकसाहेब आले होते. मुलांना सांभाळणाऱ्या मावशी रडत होत्या. टीचर हाका मारत होती, "मुंगी! मुंगी, ये बाळा!" आवाज फाटला होता. बाकीची मुलं भिंतीला चिकटून गप्प.

तेवढ्यात दहा नंबर वैतागून म्हणाला, "टीचर, ती कशी येईल? ती चार नंबर आहे ना!"

टीचरचा हात हवेतच राहिला. मग तिने डोळे पुसले, आवाज जागेवर आणला, अगदी गोष्टीतला.

"चार नंबर! आता तुझी पाळी. परत ये, थँक्यू म्हण."

शांतता…

मग खरखर. भिंतीला टेकवलेल्या दारामागून.

दार हललं. खालची कड फरशीवरून सरकली. सागवानी दार, दोन माणसांनी उचलायचं. मी कसा पोचलो माहीत नाही, खांदा घातला, कळ डोक्यात गेली. खालून आधी कार्ड आलं, मग मुंगी.

"थँक्यू प्रभू," ती म्हणाली. आणि टीचरला रागावून, "किती वेळ लावला!"

टीचरने तिला उचललं ते बराच वेळ सोडलंच नाही.

पाळकसाहेबांनी हळू आवाजात विचारलं, "मुलं असताना दार कुणी काढायला सांगितलं?"

"मी," टीचर म्हणाली.

 गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. माझं. तिची मात्र नोकरी गेली असती.

"नाही साहेब. त्यांनी एकनंतर काढा म्हणून बजावलं होतं. मी ऐकलं नाही."

पाळकसाहेबांनी दाराकडे बोट केलं. "दार बसवा. मग मुलीची आई येईल, तिला तुम्हीच सांगा. सोमवारपासून मी दुसरा सुतार बघतो."

दार बसवायला दोन माणसं लागतात. रस्त्याच्या बाजूने टीचरने धरलं, आतून मी स्क्रू पिळत होतो. मध्ये दार. एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते, बोटं तेवढी दिसत होती.

"खोटं का बोललात?" मी विचारलं.

"तुमचं काम जाईल म्हणून घाबरले. तुम्ही एकपर्यंत का नाही थांबलात?"

दुसरीकडे काम होतं, असं सांगता आलं असतं.

"एक वाजता तुम्ही जाता," मी म्हणालो. "तुम्ही असताना… काम करायचं होतं."

हातातला स्क्रू पडला. घरंगळत पलीकडे गेला.  मग फटीतून तो स्क्रू परत आला, दोन बोटांत धरलेला.

"तुम्ही माझ्याकडे बघत होतात, आणि इकडे रस्ता उघडा होता," ती म्हणाली. "मला राग आलाय. खूप. तो लगेच जाणार नाही."

"हो."

"रविवारी प्रार्थना संपली की आम्ही पायऱ्यांवर थांबतो. मी, आई, बाबा. तिथे काम नसलेली माणसंही येतात."

"बाबा कडक आहेत?"

"आहेत. पण आईच्या मानाने काहीच नाहीत."

मुंगीच्या आईला सांगितलं. ती जे बोलली ते इथे लिहीत नाही, पण त्यातला शब्द न् शब्द बरोबर होता.

काल संध्याकाळी हे सगळं माझ्या रंगारी मित्राला सांगितलं. आधी हसला. मग ब्रश खाली ठेवला.

"तुला ओळखतो मी. रविवारी तुझ्या पोटात दुखेल."

"आत्ताच दुखतंय."

"आणि तिच्या बाबांनी विचारलं, त्या दिवशी काय झालं? ती परत तुझ्यासाठी खोटं बोलली तर?"

मी त्याचा रंगाने बरबटलेला हात धरला.

"जाईन," म्हणालो. "आणि तिने तोंड उघडायच्या आत मीच सांगेन. दार मी काढलं, आणि का काढलं, तेही. शब्द देतो तुला."