भिंतीजवळचा ट्रक

पहिल्याच भेटीत त्याने माझ्या बोटांवर पाय दिला. मी त्याच्या ट्रकखाली आडवी पडून ब्रेकचे पाइप बघत होते, हात तेवढा बाहेर होता. मी अशी किंचाळले की तो उडालाच.

"अहो, दिसत नाही का?"

"दिसलं असतं तर आधी ओळख करून घेतली असती," तो म्हणाला. आणि खाली वाकून – खरंच! – माझ्या बोटांवर फुंकर घातली.

असला चावट माणूस! मी हात ओढून घेतला, पण कान चांगलेच तापले होते.

आमच्या यार्डातून ट्रक निघण्याआधी त्याची आणि ड्रायव्हरची तयारी करून घेणं हे माझं काम. महामार्गावरच्या वजनकाट्यावर अधिकारी जे जे बघणार, ते सगळं मी आधी बघते. टायर, दिवे, ताडपत्रीचे दोर, कुठल्या चाकांवर किती भार. मग मीच अधिकारी बनते आणि ड्रायव्हरला फैलावर घेते. शेवटी माझी सही. गेल्या वर्षी अशीच एक सही मी घाईत केली. ड्रायव्हर झोपेला आलेला होता, मी नीट विचारलंच नाही. बसथांब्यावरची दोन माणसं गेली. तेव्हापासून मी हसणं विसरले होते. बाकीचे ड्रायव्हर मला पाठीमागे 'खडूस' म्हणत. हा तोंडावर 'तपासणीबाई' म्हणायचा.

"माल किती?"

"नऊ टन."

"काल किती तास झोपलात?"

"सात. त्यातले दोन तुमच्या स्वप्नात गेले."

"ते झोपेत धरत नाहीत."

"मग कशात धरतात?"

मी फॉर्ममध्ये तोंड खुपसलं. चार महिन्यांत 'अहो'चं 'अरे' झालं. त्याचा ट्रक यायचा असला की मी उगाचच दोनदा वेणी घालायचे. दोन माणसांच्या मरणाचं ओझं असलेल्या बाईने असं वागावं का? पण वागत होते.

त्या सकाळी पावसाची बुरबुर होती. ट्रक लांबच्या फेरीला निघायचा होता. सगळं तपासून झालं, राहिले डोळे. डोळे तपासायची आमची पद्धत साधी – पिवळ्या पट्ट्यावर उभं राहायचं, एकेक डोळा झाकायचा आणि भिंतीजवळच्या बंद पडलेल्या निळ्या ट्रकचा नंबर वाचायचा.

त्याने उजवा डोळा झाकला आणि घडाघडा म्हणाला, "चाळीस बावन्न."

मी भिंतीकडे बघितलं. जुना ट्रक आदल्या संध्याकाळी भंगारवाल्याने नेला होता. तिथे दुसरा उभा होता, निळाच. सत्तर अकरा.

मी जवळ गेले, त्याच्या डाव्या डोळ्यासमोर तीन बोटं धरली. "किती?"

"एक," तो हसून म्हणाला. "तुझ्या मनात मी एकटाच."

मी बोटं तशीच धरून ठेवली. मग त्याने उजव्या डोळ्यावरचा हात काढला. माझी तीन बोटं बघितली आणि त्याचं हसू विरलं.

"कधीपासून?"

"दोन वर्षं... आधी अंधूक दिसायचं. आता काहीच नाही."

"आणि मी आठ वेळा सही केली!"

"काट्यावर तुझा कागद बघतात गं, डोळे नाही. घरी आई आहे, बहीण अजून शिकतेय. एवढ्या फेरीला जाऊ दे. आल्यावर... आल्यावर तुला मागणी घालणार होतो. हे असं सांगायचं नव्हतं."

चार महिने मी याच शब्दांची वाट बघत होते. ऐकले तेव्हा हातात पेन होतं. मी 'अपात्र' लिहिलं आणि खाली सही केली. अक्षर वाकडंतिकडं आलं.

"माझा जीव आहे तुझ्यावर," मी म्हणाले. "पण नसता तरी हेच लिहिलं असतं."

त्याने ट्रकची किल्ली माझ्या फाइलवर ठेवली. "केसाने गळा कापलास," एवढंच म्हणाला आणि फाटकाकडे चालू लागला.

मी त्याला जाऊ देणार होते. रागावलेल्या माणसाला थोडा वेळ द्यावा, एवढी अक्कल मला आहे. पण रस्ता ओलांडायला त्याने फक्त उजवीकडे बघितलं. डावीकडून टँकर येत होता...

मी फाइल टाकून धावले, त्याची बाही धरून त्याला मागे ओढलं. टँकर भोंगा वाजवत गेला, आम्ही दोघं चिखलाने माखलो. त्याने बाही झटकली.

"मला कुणाची दया नको."

"दया कसली रे मेल्या? तू हवायस मला, म्हणून धावले."

"उद्यापासून मी काय करणार?"

"मला माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं. मी त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिले आणि त्याचा हात घट्ट धरला. तो रडत होता, दोन्ही डोळ्यांनी. त्याने हात सोडवून घेतला नाही.