जागरूक रहिवाशाची खिडकी

केतकीने लाल पेनचं टोपण दाताने काढलं आणि दुधाच्या बूथशेजारचा नोटीसबोर्ड, भर सकाळच्या गर्दीत, तपासायला घेतला.

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत नोटिसा लावल्या जातात. वाचल्या जात नाहीत. ही मात्र सगळ्यांनी वाचली होती. शुद्ध सरकारी हिंदी. मराठीत, थोडक्यात सांगायचं तर – 'सी ब्लॉकमध्ये भाचीच्या नावाखाली भाडेकरू ठेवल्याचे निदर्शनास आले आहे. सदर मुलगी आल्यापासून टाकीचे पाणी पुरत नाही. सर्व रहिवासी त्रस्त आहेत.' खाली सही : एक जागरूक रहिवासी.

सदर मुलगी म्हणजे केतकी. पहाडगंजच्या मराठी शाळेत नववीला शिकवणारी, शहाजीमामांची सख्खी भाची. मामांच्या रिटायरमेंटला आठ महिने उरले होते. सोमवारी चौकशीला माणूस येणार, एवढं कळल्यावर त्यांनी सांगलीचं तिकीट काढलं. रविवारचं. तिचं. नोकरी काय, सांगलीतही शाळा असतात म्हणे.

"किती मार्क, मॅडम?"

मागे एक उंच मुलगा उभा होता. हातात दुधाच्या दोन पिशव्या, चष्म्यावर धुकं.

"नापास." एरवी रस्त्यात मराठी ऐकून तिला बरं वाटायचं. आज नाही. "मी जूनमध्ये आले, पाणी जूनमध्ये आटलं. म्हणून मी प्यायले? जूनमध्ये दिल्लीत ऊनही असतं!"

"बिल्कुल."

"आणि 'सर्व रहिवासी'? तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

"मला घरातसुद्धा कोणी विचारत नाही..."

तिला हसू येणार होतं. त्याचाही राग आला.

"हे बघा. 'सदर मुलगी सायंकाळी मागच्या बाल्कनीत शेंगा खाते व टरफले कुंडीत टाकते.'"

"टाकता?"

"मुद्दा तो नाही! लिहिणाऱ्याला नाव लपवता येतं, पण तो उभा कुठे आहे ते लपत नाही. आमच्या बाल्कनीपुढे कडुनिंब आहे. ती दिसते फक्त एका खिडकीतून – डी ब्लॉक, दुसरा मजला, निळी जाळी."

मुलाने पिशव्या या हातातून त्या हातात घेतल्या. थंडीने लाल झालेले कान आणखी लाल झाले.

"ते... आमचं किचन आहे."

"म्हणजे तू!" 'तुम्ही' जागच्या जागी संपलं. "खिडकी तुझी, म्हणजे कागदही तुझाच!"

"खिडकी एक आहे, यार. उभी राहणारी माणसं दोन." त्याने तिच्याच लाल अक्षरांवर बोट ठेवलं. "'पुराव्याआधी निष्कर्ष.' तुझेही दोन मार्क गेले."

केतकीचा राग भरपूर शिल्लक होता, ठेवायला जागा सापडेना.

"बाबांनी लिहिलंय," तो म्हणाला. "सेक्शन ऑफिसर आहेत. भाजीची यादीसुद्धा 'आवश्यक कार्यवाहीसाठी' म्हणून देतात. माझा हा यूपीएससीचा तिसरा अटेम्प्ट, आणि पुस्तक जूनपासून पान एकशे बारावर आहे. त्यांचं म्हणणं, मुलगी आली आणि मुलगा बिघडला."

"नंतर घडलं म्हणजे त्यामुळे घडलं, असं नसतं." नववीला हे ती इतक्या वेळा सांगायची की आपोआप बाहेर पडलं.

"पाण्याचं नसेल." त्याने चष्मा काढून पुसला, उगाचच. "पण माझं... त्यामुळेच झालंय. रोज चहा उतू जातो."

बूथवरची रांग पुढे सरकली. ही दोघं नाही सरकली.

"आणि मी रविवारी चाललेय!" केतकी एकदम कडाडली. "तुम्हा दोघांचाही संताप येतो मला. एक लिहितो पण नाव टाकत नाही. दुसरा सहा महिने बघतो पण तोंड उघडत नाही!" तिने पेन त्याच्या छातीशी धरलं. "घे. नावासकट."

त्याने पिशव्या तिच्या हातात दिल्या आणि नोटिशीखाली लिहिलं – 'वरील दृश्य आमच्या किचनमधून दिसते. ही शहाजी काकांची सख्खी भाची. गणपतीत तिच्या हातचे पाच मोदक खाताना माझ्या वडिलांनी तिला भाचीच म्हटले होते. पान एकशे बारा हा दोष सर्वस्वी माझा. – अनुराग उल्हास देव, डी-२३.'

"आता बाबा घराबाहेर काढणार मला."

"मग आमच्याकडे ये," ती म्हणाली. अजून रागातच. "मामांना तोंडी सांग. हेच सगळं... चहाचं सोडून."

"चहाचं कुणाला सांगू?"

"...मला सांगितलंस ना."

संध्याकाळी पुढच्या खोलीत, अनुरागसमोर, मामांनी मोबाईलवर तिकीट रद्द केलं, पुटपुटत. केतकी टरफलं टाकायला मागच्या बाल्कनीत आली. समोर निळ्या जाळीआड उल्हासराव उभे होते, एकटे.

तिने त्यांच्या डोळ्यांदेखत, सावकाश, टरफलं कुंडीत रिकामी केली. नेहमीपेक्षा दुप्पट होती.